आरव्हीत पोर्टेबल सॅटेलाइट डिश घ्यावी का? यलोस्टोन, सोबत आईबाबा

मंजू_कोलोरॅडो:
लोकहो, जुलैत आईबाबा येतायत नाशिकहून, तर डेन्व्हरला आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन यलोस्टोन नॅशनल पार्क करायचं ठरतंय. क्लास सी म्हणजे मध्यम आकाराची आहे, टीव्ही आतमध्ये बसवलेला. बाबांना संध्याकाळी बातम्या आणि मॅच लागतेच, आईला तिच्या मालिका. नवरा म्हणतोय ती घुमटासारखी पोर्टेबल डिश येते ना, जमिनीवर ठेवायची आणि ती स्वतःच सिग्नल शोधते, ती घेऊन टाकू. मला तर वाटतं एवढं लांब जंगलात जाऊन टीव्ही कसला बघायचा, पण हे बाबांना सांगणार कोण 😅 झाडीत चालते का ती? गाडी चालू असताना? आणि मराठी चॅनल दिसतात का, का उगाच पैसे घालवायचे? कोणी वापरली असेल तर प्लीज सांगा.

आरव्हीवाले_काका:
मंजू, आमची स्वतःची आरव्ही आहे आणि डिश पण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. डिश नेटवर्क या उपग्रह टीव्ही कंपनीसाठी वाइनगार्ड पाथवे किंवा किंग टेलगेटर असे घुमट असतात, त्यांना वेगळी वीज लागत नाही, रिसीव्हरकडून (सेट-टॉप बॉक्स) कोएक्स म्हणजे टीव्हीच्या गोल केबलमधूनच पॉवर जाते. लावायचं, रिसीव्हर चालू करायचा, काही मिनिटं आतली डिश घरघर करत फिरते आणि उपग्रह पकडते. पॅकेज महिन्यामहिन्याने घेता येतं, वर्षभराचं बंधन नाही. पण हे घुमट गाडी उभी असतानाच चालतात. चालत्या गाडीत बघायचं तर छपरावर बसणारा इन-मोशन अँटेना लागतो, तो महाग, आणि भाड्याच्या गाडीवर कोण बसवू देणार.

आता झाडांचं. उपग्रह विषुववृत्ताच्या वर साधारण ३६,००० किलोमीटरवर आहेत, म्हणजे आपल्याला इथून कायम दक्षिणेलाच बघायचं. डिश नेटवर्कचे पश्चिमेकडचे तीन उपग्रह ११०, ११९ आणि १२९ अंश पश्चिम रेखांशावर. यलोस्टोनमधून ते दक्षिण ते नैर्ऋत्य या पट्ट्यात, क्षितिजापासून फक्त ३५ ते ३९ अंश वर दिसतात. हिशोब केला तर दक्षिणेला ६० फुटी पाइन साधारण ८० फुटांच्या आत उभा असेल तर सिग्नल गेला म्हणून समजा. आणि यलोस्टोनच्या जंगलात बहुतेक लॉजपोल पाइनच, सरळसोट उंच, तेव्हा पार्कातल्या मॅडिसन किंवा ब्रिज बेसारख्या कॅम्पग्राउंडवर सावलीतली छान जागा मिळाली की टीव्हीला रामराम. टेक्सासात तेच उपग्रह बरेच वर दिसतात, तिकडे एवढा त्रास नाही.

ट्रायपॉडप्रेमी:
काकांच्या झाडांच्या मुद्द्यावर उपाय आहे की. घुमट न घेता साधी डिश आणि ट्रायपॉड घ्या, ५० फूट आरजी-६ प्रकारची कोएक्स केबल ठेवा, गाडी सावलीत आणि डिश लांब उन्हात जिथे आकाश मोकळं असेल तिथे. तीन उपग्रह एकाच वेळी दिसतात त्यामुळे दोन टीव्हीवर दोन चॅनल पण चालतात, घुमटात बऱ्याचदा एका वेळी एकच उपग्रह धरला जातो आणि मग बायको एक बघणार आणि तुम्ही गप्प. फक्त ट्रायपॉडचा खांब एकदम ओळंब्यात पाहिजे, तो तिरका असेल तर कितीही अँगल लावा, काही होत नाही.

डिरेक्टीव्ही या दुसऱ्या कंपनीचा विचार करत असाल तर सांगतो, त्यांचं एचडी ९९ आणि १०३ अंशांवरून केए बँड या जास्त फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर येतं, ते छोट्या घुमटांना झेपत नाही, त्याला छपरावरचा मोठा अँटेना किंवा ट्रायपॉडवरची मोठी डिश लागते.

बे_एरियाचा_पक्या:
२०२५ नंतर डिश?? स्टारलिंक म्हणजे उपग्रहावरचं इंटरनेट घ्या आणि मोकळे व्हा. तिची छोटी मिनी तर पाठपिशवीत मावते. इंटरनेट आलं की बाबांना विलोच्या ॲपवर क्रिकेट, आईला झी५ वर मालिका, सगळं एकाच डब्यात.

आरव्हीवाले_काका:
पक्या, बरोबर आहे पण अर्धंच सांगितलंस. स्टारलिंकचे उपग्रह साधारण पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवर आणि सतत पळत असतात, म्हणून तिला एका दिशेची फट पुरत नाही, बरंच मोठं आकाश मोकळं लागतं. झाडीत दर थोड्या वेळाने तुटते. डिशला दक्षिणेला एक खिडकी मिळाली की झालं, पाऊस जोरात आला तरच चित्र फाटतं. बाकी मराठीसाठी मात्र तुझं खरं. डिश नेटवर्कच्या पॅकेजमध्ये भारतीय चॅनल घेतला तरी तो नेमक्या कुठल्या उपग्रहावर आहे आणि तुमचा घुमट तो धरतो का हे आधी विचारावं लागतं. आईंच्या मालिकेसाठी डिश घेऊ नका, स्पष्टच सांगतो.

मंजू_कोलोरॅडो:
बापरे केवढी माहिती, थँक्यू काका! आम्हाला पार्कातलं फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क मिळालंय, तिथे वीज आहे म्हणतात. पण दोन रात्री ब्रिज बेला पण आहेत, तिथे कसं करायचं?

आरव्हीवाले_काका:
फिशिंग ब्रिजला वीज, पाणी, सीवर तिन्ही आहे, तिथे चिंता नाही (तंबू चालत नाहीत तिथे, अस्वलांमुळे, आईंना हे आत्ताच सांगू नका). ब्रिज बेला हूकअप (वीज-पाण्याची जोडणी) नाही. जनरेटर सकाळी ८ ते रात्री ८, त्यामुळे रात्रीची मालिका बॅटरीवर. आणि भाड्याच्या गाडीत इन्व्हर्टर आहे का ते विचारून घे, नसेल तर जनरेटर बंद झाला की टीव्हीचा प्लग मेला. जवळजवळ आठ हजार फुटांवर जुलैतही रात्री थंडी असते, फर्नेसचा (हीटर) पंखा रात्रभर बॅटरी ओढतो, त्यात टीव्ही लावून बसलात तर पहाटे कुडकुडाल.

सिनसिनाटीची_सुमा:
मला विचाराल तर एका ट्रिपसाठी काहीही विकत घेऊ नकोस गं. आईच्या मालिका आधीच टॅबमध्ये डाउनलोड करून ठेव, आमच्या सासूबाईंना तर तेच आवडलं, पाहिजे तेव्हा थांबवता येतं. बातम्यांसाठी छपरावर अँटेना असतोच, बूस्टरचं (सिग्नल वाढवणारं) बटण ऑन करायचं आणि प्रत्येक नवीन गावात चॅनल स्कॅन करायचा, एबीसी, एनबीसी, पीबीएस फुकट. पार्कच्या आत नाही मिळणार फारसं, पण वाटेत शायान, कॅस्परला मिळेल. खाजगी कॅम्पग्राउंडवर कधीकधी खांबालाच केबल टीव्ही असतो, पण बुकिंग करताना विचार.

ट्रायपॉडप्रेमी:
सुमाताईंशी सहमत, भाड्याची गाडी असेल तर. तरी डिश नेलीच तर एक बघा, गाडीच्या बाहेर दोन कोएक्स सॉकेट असतात, एक केबलचं आणि एक ‘सॅट’ लिहिलेलं. पहिलं सॉकेट आत बूस्टरमधून जातं, तिथून डिशला पॉवर पोचत नाही आणि लोक तासभर डिशला शिव्या देत बसतात. भाड्याच्या काही गाड्यांत ‘सॅट’ सॉकेटच नसतं, मग केबल खिडकीतून आत घ्यावी लागते, डासांसकट.