विषय: सांगलीत घराला आणि दुकानाला टाकीवाला प्रिंटर घ्यावा का?

मंडळी, नमस्कार.

दिवाळीत सांगलीला चाललोय. घरी गावभागात एक प्रिंटर आणि थोरल्या भावाच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानात एक, असे दोन घ्यायचे मनात आहे. घरी बाबांना सातबारा, लाईट बिल, बँकेचं कायबाय लागतं. आई भजनाची पदं ठळक अक्षरात छापून बायकांना वाटते. वहिनींची संध्याकाळी शिकवणी असते, तिथे दर आठवड्याला चाचणी. दुकानात हळदीच्या पट्ट्या (सौद्याच्या हिशेबाच्या), जीएसटीची बिलं, मालवाहतुकीची ई-वे बिलं. पूर्वीचा कार्ट्रिजवाला प्रिंटर माळ्यावर पडलाय, कारण कार्ट्रिज भरून आणण्यापेक्षा बाहेरून छापून आणणं परवडायचं.

इथे डॅलसमध्ये बाटलीनं शाई भरायचे प्रिंटर दुकानात रांगेनं मांडलेले दिसतात. इथूनच दोन घ्यावेत आणि बॅगेत घालून न्यावेत, असा विचार आहे. कुणी वापरलाय का? लेझरवाल्यांनीही बोलावं.

– गावभागचा धाकटा

———

उत्तर: कऱ्हाडकर (ऑस्टिन)

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं काय घोडं मारलंय? बाबांचे पाय तेवढेच मोकळे होतील.

———

उत्तर: विश्रामबागचे काका (सांगली)

धाकटे बंधू, सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतून परत आल्यावरही या यादीवर राहिलोय ते असल्याच प्रश्नांसाठी. आधी बॅगेचं बोलू. तिथला प्रिंटर इकडे आणू नका. तिथली काही मॉडेलं नुसती १२० व्होल्टची असतात आणि आपल्याकडे २३०. ट्रान्सफॉर्मर लावून ते भागेल, पण शाईचं भागत नाही. एप्सनच्या अमेरिकेतल्या मॉडेलांना ५०२, ५२२ नंबरच्या बाटल्या लागतात, तर इकडे दुकानात ००३ सारख्या वेगळ्या नंबरच्या मिळतात. बाटलीचं तोंड आणि टाकीची खाच एकमेकांत बसावी लागते, तिथे अडू शकतं. शिवाय तिथली वॉरंटी इथला सर्व्हिस सेंटरवाला मानत नाही. इथेच घ्या, जीएसटीचं बिल घ्या, भावाला ते दुकानाच्या खात्यात धरता येईल.

ही टाकीची कल्पना कंपन्यांची नव्हे बरं का. आपल्याकडचे झेरॉक्सवाले साध्या प्रिंटरला भोक पाडून, बाहेर चार बाटल्या टांगून, नळ्या आत सोडायचे. पूर्वेकडच्या देशांतही तेच चालायचं. शेवटी एप्सननं २०१० मध्ये इंडोनेशियात स्वतःचा टाकीवाला प्रिंटर काढला, आणि मग कॅनन, एचपी, ब्रदर सगळे त्या वाटेनं आले. गणितही बदललं. कार्ट्रिजच्या काळात प्रिंटर स्वस्त द्यायचे आणि शाईवर कमवायचे. आता प्रिंटरलाच पैसे घेतात, शाई स्वस्त असते.

ती किती स्वस्त, ते वहिनींच्या शिकवणीवरून पाहू. चाळीस मुलं आणि चार पानांची चाचणी धरली तर आठवड्याला १६० पानं होतात. वर्षाचे पंचेचाळीस आठवडे धरले तर ७२०० पानं. एप्सनच्या ००३ ची काळी बाटली ६५ मिलीची, तिच्यात ४५०० पानं निघतात असं कंपनी सांगते. हा आकडा साध्या मजकुराच्या पानाचा आहे, आईंच्या ठळक अक्षरांना शाई जास्त लागणार. तरी पानामागे दहा-बारा पैशांत काम होतं, म्हणजे वर्षाची शाई सातशे ते नऊशे रुपयांची. आता कागद बघा. पाचशे कागदांचं रिम पावणेतीनशेला धरलं तर एक कागद पंचावन्न पैशाला पडतो, म्हणजे शाईच्या चारपाच पट. सगळे शाईचे पैसे मोजत बसतात आणि खर्च कागदावर होतो. पाठपोट छापलं तर कागद निम्म्यावर येतो. स्वस्त मॉडेलात कागद हातानं उलटून घालावा लागतो, एवढ्या पानांना तो त्रास वाटेल. आपोआप पाठपोट छापणारं मॉडेल वहिनींसाठी वरचे पैसे देऊन घ्यावं, असं मी म्हणेन.

एका बाजूनं छापलं तरी शाई-कागद मिळून पाच हजारांच्या आत बसतं. हेच झेरॉक्सला दोन रुपयांनी चौदा हजार चारशे. प्रिंटर बारा-पंधरा हजारांचा धरला, तर दीड वर्षात फिटतो.

पण फक्त आईबाबांसाठी घेणार असाल, तर कऱ्हाडकरांचं म्हणणं बरोबर आहे. महिन्याला वीस पानांचे प्रिंटआउट पाच रुपयांनी, म्हणजे शंभर रुपये. त्यासाठी पंधरा हजार कशाला? त्यातून हा प्रिंटर पडून राहिला की बिघडतो. शाई हेडच्या बारीक छिद्रांतून येते, ती सुकली की पानावर पांढरे पट्टे येतात. मग हेड क्लीनिंग करायचं. त्यात चांगली शाई खाली एका स्पंजात जाते, आणि तो स्पंज भरत आला की प्रिंटर काम थांबवून सर्व्हिसला न्या म्हणतो. काही नव्या मॉडेलांत हा स्पंजाचा डबा घरी बदलता येतो, कॅननच्या जी-३०२० ला तसा आहे. विकत घेताना दुकानदाराला हे आवर्जून विचारा. तो आधी वायफायचंच कौतुक सांगत बसेल.

म्हणून घरी घ्यायचा तर तो वहिनींच्या नावावर घ्या. त्यांची दर आठवड्याची छपाई चालू राहील, आईबाबांचं त्यातच होऊन जाईल. आठवड्याला एक रंगीत पान निघालंच पाहिजे, नाहीतर काळी चालू आणि बाकीचे तीन रंग सुकलेले असा प्रकार होतो.

बाबांना एक गोष्ट कागदावर लिहून प्रिंटरला चिकटवून द्या: बंद करायचा तो प्रिंटरच्या बटणानं, भिंतीवरच्या नव्हे. बटण दाबलं की हेड कडेला जाऊन टोपीवर बसतं आणि झाकलं जातं. मधेच भिंतीवरून करंट काढला तर ते उघडंच राहतं. आपल्या बाबांच्या पिढीला झोपायच्या आधी घरातली सगळी बटणं बंद करत फिरायची सवय आहे, माझ्यासकट.

आता दुकान. हळदीचा सौदा चालतो तिथे हवेत काय उडतं ते तुम्हाला सांगायला नको. ती पूड कागद ओढणाऱ्या रबरी रोलरवर बसते. मग रोलर घसरतो, कागद तिरका जातो नाहीतर दोन एकदम जातात. प्रिंटर आतल्या खोलीत, कपडा टाकून ठेवा आणि रोलर अधूनमधून ओल्या फडक्यानं पुसत जा. आणि मुख्य म्हणजे पट्टी. शेतकऱ्याला एक, खरेदीदाराला एक, दुकानाला एक अशा कार्बनच्या प्रती तुम्ही काढत असाल तर शाईचा प्रिंटर तिथे उपयोगाचा नाही. कार्बनला ठोका लागतो, तो डॉट मॅट्रिक्सच देतो. जुना डॉट मॅट्रिक्स चालू असेल तर भावाला तो मोडीत काढू देऊ नका. टॅलीतली (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली) बिलं आणि ई-वे बिलं तेवढी नव्या प्रिंटरवर घ्या.

लेझरबद्दल विचारलंत. दुकानात नुसतं काळंच छापायचं आणि दिवाळीनंतर हंगाम येईपर्यंत महिना-महिना बंद राहणार, तर साधा काळा लेझर बरा, कारण त्यातला टोनर म्हणजे कोरडी पूड, ती सुकत नाही. अडचण विजेची आहे. लेझर तापताना कित्येकशे वॉट ओढतो, इन्व्हर्टर ओरडायला लागतो. टाकीवाला छापताना दहा-पंधरा वॉटवर चालतो. पावसाळ्यात यार्डात लाईट किती वेळ असते ते भावाला विचारून ठरवा.

– विश्रामबागचे काका

———

उत्तर: मिरजेची ताई (ह्यूस्टन)

काकांचं बहुतेक पटतं, पण एका गोष्टीवर ते घाईनं पुढे गेले: शाई कुठल्या जातीची.

माझ्या माहेरी मिरजेत दवाखाना आहे, छपाई सगळी कागदपत्रांचीच. ००३ ची चारही शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते, डाय म्हणतात ती. फोटो छान येतात, पण पानावर ओला हात लागला की अक्षरं पसरतात. कॅननच्या जी मालिकेत, एचपीच्या जीटी-५३ मध्ये आणि ब्रदरच्या टाकीवाल्यांत काळी शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या बारीक कणांची असते. ती कागदावर वर बसते, वाळली की सहसा पसरत नाही. शेतकरी पट्टी खिशात घालून उन्हातून तासगावपर्यंत जाणार, घामानं भिजणार. दुकानाला पिगमेंट काळीच हवी. एप्सनमध्येच हवी असेल तर एम-११२० सारखी नुसती काळी छापणारी मॉडेलं बघा.

दुसरं, हेड. एप्सन आणि ब्रदरचं हेड पिझोचं, ते शाई न तापवता ढकलतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. पण गेलं की बदलणं महाग पडतं. कॅनन आणि एचपीच्या या मॉडेलांचं हेड शाई तापवून उडवतं, ते लवकर झिजतं, मात्र ते सुटं विकत मिळतं आणि झाकण उघडून घरी बसवता येतं. त्यात एक पथ्य आहे. टाकी खालच्या रेषेच्या खाली जाऊ द्यायची नाही. शाई नसताना छापत राहिलं तर तापणारं हेड जळतं. बाबांची नजर कशी आहे? टाकी पुढच्या बाजूला, उभी आणि पारदर्शक असलेली बघून घ्या, वाकून टॉर्च मारावी लागते अशी नको.

आणि यार्डाबाहेर अर्ध्या किमतीत मिळणारी सुटी शाई भाऊ नक्की आणेल. वाचून वाचणार वर्षाचे चार-पाचशे. त्यासाठी हेड पणाला लावू नका.

– मिरजेची ताई

———

उत्तर: गावभागचा धाकटा

काका, ताई, खूप आभार. बॅगेचा विचार रद्द. घरी वहिनींच्या नावानं पाठपोटवाला घेतो. दुकानाचं भावाशी बोललो: डॉट मॅट्रिक्स चालू आहे, हलवत नाही म्हणाला. बिलांसाठी पिगमेंट काळीवाला बघतोय.

दोन शंका. इथून मी काही पाठवलं तर घरी आपोआप छापून निघेल असं काही असतं का? आईला नातीची चित्रं हवी असतात. आणि घर मारुती चौकाजवळ आहे. २०१९ च्या महापुरात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. प्रिंटर खाली ठेवायचा की माडीवर?

———

उत्तर: विश्रामबागचे काका

पहिली सोय आहे. एप्सनच्या वायफायवाल्या बऱ्याच मॉडेलांना स्वतःचा ईमेल पत्ता मिळतो. त्यावर चित्र जोडून पाठवलं की घरी छापून निघतं, फक्त प्रिंटर चालू आणि वायफायला जोडलेला हवा. कोण पाठवू शकतं त्यांची यादी घालून ठेवा, नाहीतर जाहिरातीही छापून निघतील. बरेचसे स्वस्त प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय पकडतात, तेव्हा राउटरवर ते चालू ठेवा. नातीची चित्रं आली की आठवड्याचं रंगीत पानही होऊन जाईल.

दुसरं, माडीवरच. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. शिकवणी खाली भरत असली तरी प्रिंटर वर राहू द्या, वायफायवरून खालून छापता येतं. 'पाणी आलं की उचलू' असं म्हणून खाली ठेवू नका. टाक्या भरलेला प्रिंटर जिन्यातून तिरका नेला की शाई आत सांडते. न्यायचीच वेळ आली तर टाक्यांची झाकणं घट्ट बसवायची आणि दोघांनी सपाट धरून न्यायचा.

कागदाचं रिम मात्र कपाटात, प्लास्टिकमध्ये. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडा कागद दमट होतो आणि दोन-दोन एकदम ओढले जातात, वहिनी प्रिंटरलाच दोष देतील. आणि पहिल्या बाटल्या लवकर संपल्या तर घाबरू नका. सुरुवातीला नळ्या भरायलाच बरीच शाई जाते, दुसऱ्या बाटलीपासून खरा हिशेब लागतो.

सांगलीत आलात की फोन करा, दुकानात बरोबर येतो.