मदत हवी: कार्तिकात ओडिशा, सोबत माळकरी सासूबाई

रावेरची_वहिनी

नमस्कार मंडळी. कांदेबागाची, म्हणजे केळीची, लागवड उरकली की यंदा ओडिशाला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, सासूबाई आणि चित्रकलेचा नाद असलेली लेक. अहमदाबाद–पुरी गाडी भुसावळला मिळते, त्यामुळे जाण्यायेण्याची चिंता नाही. पण चौघांची तोंडं चार दिशांना.

सासूबाईंना जगन्नाथ हवा, तोही कार्तिकातच. आणि कार्तिकी एकादशी मुक्ताईच्या पायाशी केल्याशिवाय त्या घराबाहेर पडायच्या नाहीत. लेकीला रघुराजपूर गावी पट्टचित्रवाल्यांच्या, म्हणजे कापडावर चित्रं काढणाऱ्यांच्या, ओट्यावर बसायचंय. यांनी कुठूनसं ऐकलं की कार्तिक पौर्णिमेला पहाटे तिकडे केळीच्या सोपटाच्या होड्या करून, दिवा लावून पाण्यात सोडतात. पूर्वी जावा-बालीला गलबतं नेणाऱ्या व्यापाऱ्यांची आठवण म्हणून. झालं! केळीचा विषय निघाला की ह्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. मला कोणार्क बघायचंय, पण निवांत.

तर पौर्णिमा पुरीत करावी की दुसरीकडे? सासूबाईंचे गुडघे दुखतात, देवळाच्या पायऱ्या झेपतील का? संग्रहालयं कोणती बघावीत? टूर कंपनी मात्र सुचवू नका. मागे दक्षिणेत एकीने देवळांपेक्षा साड्यांची दुकानंच जास्त दाखवली.

मूळचा_चोपड्याचा

वहिनी, नोकरीमुळे बरीच वर्षं भुवनेश्वरात आहे म्हणून सांगतो, पौर्णिमा पुरीत अजिबात नको. एकादशी ते पौर्णिमा या दिवसांना इकडे पंचुक म्हणतात. तेव्हा देवळात मुंगीला जागा नसते. सिंहद्वारातून आत बावीस पायऱ्या आहेत. एरवी धरून धरून चढतील आई, त्या रेट्यात नाही.

द्वादशीला उपास सोडून निघा. खुर्दा रोडला उतरलात की भुवनेश्वर जवळच. पौर्णिमेची पहाट इथे बिंदुसागरावर किंवा कटकला महानदीकाठी. दादांना सोपटाच्या होड्या पोटभर बघू द्या. कटकला त्याच दिवशी बालीयात्रा सुरू होते, मोठी जत्रा असते. संध्याकाळी गर्दी फार, दुपारीच उरका. तिथेच जोब्राला जुन्या बोट-दुरुस्तीच्या कारखान्यात सागरी संग्रहालय आहे, लोक उगाच टाळतात. चांदीच्या तारेचं नाजूक काम, तारकसी, तेही कटकचंच. भुवनेश्वरात कलाभूमी हे हस्तकलांचं संग्रहालय लेकीला दाखवाच. सोमवारी बंद असतं.

मग कोणार्कमार्गे पुरी. कोणार्कला एक रात्र राहा, पहाटे चंद्रभागा नावाचा समुद्रकिनारा, नंतर बसगाड्या यायच्या आत देऊळ. चोवीस चाकं सावकाश बघायची तर तीच वेळ. मंडपाच्या आत जाता येत नाही, १९०३ साली वाळू भरून तो बंद केला. शुक्रवार टाळा, तिथलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय त्या दिवशी बंद असतं.

रघुराजपूर पुरीहून करा. लेकीला आधी कापड कसं तयार करतात ते बघायला सांगा. सुती कापडाच्या घड्या चिंचोक्याच्या खळीने चिकटवतात, खडूची भुकटी लावतात आणि दगडाने घासून घासून गुळगुळीत करतात. पांढरा रंग शंखाचा, काळा काजळीचा, डिंक कवठाचा. चित्र विकायला बसलेला माणूस हे करून दाखवायला तयार नसेल, तर पुढच्या घरी जा.

धुळ्याचा_पाहुणा

पुरीच्या देवळात मोबाईल आणि चामड्याचा पट्टा, पाकीट चालत नाही. लेकीची फाटकी जीन्स खोलीवरच ठेवा, कपड्यांचे नियम आता कडक आहेत. आणि एक गंमत: पुरीत एकादशीलाही महाप्रसादाचा भात खातात, एकादशीला तिथे उलटं टांगलंय म्हणे! प्रसादात कांदा, लसूण नाही, मिरचीही नाही. ठेच्याची बरणी सोबत घेणार असाल तर ती खोलीवर.

रावेरची_वहिनी

दोघांचेही आभार. एकादशी घरीच करून निघतोय ते बरंच म्हणायचं, नाहीतर भातावरून सासूबाईंनी पुजाऱ्यालाच जाब विचारला असता. पौर्णिमा कटकला पक्की. आता फक्त एकच: कटकला मुक्काम करावा, की भुवनेश्वरहून पहाटे गाडी करून घाट गाठता येईल?

मूळचा_चोपड्याचा

मुक्काम भुवनेश्वरलाच ठेवा. कटक तासाभराच्या आत येतं. गाडीवाल्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा आणि तीनला निघा, घाटाजवळचे रस्ते लवकर बंद करतात.