फ्रँकेन्स्टाइनच्या कव्हरवर थिसिस करतेय, डिझायनर लोकांना नेमकं काय विचारू?

आल्तिन्यो_स्केचबुक

नमस्कार मंडळी. मी पणजीत अप्लाइड आर्ट करतेय, शेवटचं वर्ष. थिसिसला विषय घेतलाय ग्राफिक डिझायनर आणि फ्रँकेन्स्टाइन कादंबरी. मेरी शेलीचं हे पुस्तक १८१८ला आलं, तेव्हापासून किती जणांनी त्याची कव्हरं आणि चित्रं केली असतील, तर डिझायनर ते चित्र कुठून उचलतो, पुस्तकातून की आधी बघितलेल्या चित्रांतून, हे मला शोधायचंय.

हे डोक्यात आलं कारण पाचव्या चॅप्टरात व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनने बनवलेल्या त्या प्राण्याचं वर्णन आहे, अगदी थोड्या ओळींचं, आणि ते वाचून मी उडालेच. कातडी पिवळी, खालचे स्नायू नि शिरा जेमतेम झाकतील एवढीच. केस काळेभोर, चकचकीत, लांब. दात मोत्यासारखे. डोळे पाणचट आणि ओठ काळे, सरळ रेषेत. उंची त्याच्या आधीच्या चॅप्टरात सांगितलीय, आठ फुटांच्या आसपास. चपटं डोकं कुठे नाही, मानेत बोल्ट नाहीत, हिरवा रंग तर नाहीच नाही. ते चपटं डोकं आणि बोल्ट १९३१च्या पिक्चरमधले, बोरिस कार्लॉफला जॅक पिअर्सने केलेला मेकअप. त्याच्या बरोब्बर शंभर वर्षं आधी, १८३१च्या एडिशनला थिओडोर फॉन होल्स्टचं चित्र होतं, त्यात तर तो चांगल्या पिळदार अंगाचा आहे, जमिनीवर पडलाय, भांबावलाय, आणि व्हिक्टर दारातून पळ काढतोय.

आता प्रॉब्लेम असा की गुगल फॉर्म करून डिझायनर लोकांना पाठवला, 'कव्हर करायच्या आधी पुस्तक वाचता का', 'प्रेरणा कुठून घेता' वगैरे, आणि उत्तरं येतायत ती सगळी 'क्लायंटवर अवलंबून' छापाची. गाईड म्हणतात यात मटेरियल नाही आणि खरंच नाहीये. तर काय विचारू, कसं विचारू? आणि जुनी चित्रं थिसिसमध्ये छापली तर कॉपीराइटची भानगड होते का तेही कोणाला माहीत असेल तर सांगा. देव बरें करूं.

कव्हरवाला_मडगाव

आधी तो फॉर्म बंद कर. 'पुस्तक वाचता का' म्हणून विचारलंस तर नाही कोण म्हणणार गो, मी पण हो म्हणेन, आणि मी कव्हरांवरच पोट भरतो म्हणून सांगतो, निम्म्या वेळा पुस्तक हातात आलेलंच नसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लर्ब, म्हणजे पुस्तकाच्या मागचा परिचयाचा मजकूर येतो, त्याखाली 'काहीतरी डार्क पण क्लासी' असं लिहिलेलं असतं, पानं किती होणार ते ठरलेलं नसतं म्हणजे स्पाइनची, पुस्तकाच्या कण्याची, जाडी माहीत नाही, आणि परवापर्यंत तीन ऑप्शन हवे असतात. त्यात परत विक्रीवाले सांगणार, मोबाइलवर अंगठ्याएवढं दिसलं तरी नाव वाचता यायला पाहिजे. हे सगळं तुझ्या फॉर्ममध्ये कुठल्या चौकोनात बसणार सांग.

विचारू नको, काढायला लाव. त्या पाचव्या चॅप्टरातला परिच्छेद घे, मराठीत नीट उतरवून काढ, त्यातून पुस्तकाचं नाव, लेखिकेचं नाव, व्हिक्टर बिक्टर सगळं उडव आणि नुसतं वर्णन डिझायनरच्या हातात दे, पेन्सिल दे, वीस मिनिटं दे. मग सांग की हे फ्रँकेन्स्टाइन आहे आणि दुसरं स्केच काढून घे. दोन्ही कागद शेजारी ठेव. पहिल्यात लांब केस असतील आणि दुसऱ्यात डोकं चपटं झालं तर तुझा थिसिस तिथेच उभा राहिला, आणि नाही झालं तर उलट जास्त मजा आहे, का नाही झालं ते शोधायला मिळेल. मात्र काही जण परिच्छेद वाचूनच ओळखतील, त्यांचा गठ्ठा वेगळा कर, मिसळू नको.

दुसरी गोष्ट, डिझायनरकडे रिजेक्ट झालेले ऑप्शन माग. छापलेलं कव्हर म्हणजे प्रकाशकाने काय निवडलं ते, डिझायनरच्या डोक्यात काय होतं ते त्या नाकारलेल्या फाइलींत असतं. माझ्या हार्ड डिस्कमध्ये फोल्डरच्या फोल्डर पडलेत असे, आणि आमच्यातला कोणीही ते दाखवायला तयार होईल कारण बघायला कधी कोणी मागतच नाही.

आणि काफ्काचं बघून ठेव. 'मेटामॉर्फोसिस', माणसाचा किडा होतो ती गोष्ट, १९१५ला पुस्तक म्हणून निघत होतं तेव्हा त्याने प्रकाशकाला पत्रच लिहिलं की किडा काढू नका, लांबून दिसतो असासुद्धा काढू नका. मग कव्हरवर काय आलं तर गाऊन घातलेला एक माणूस हातांनी तोंड झाकून उभा आणि मागे अर्धवट उघडं दार. चित्रकार ओटोमार श्टार्के. तुझ्याकडे जो प्रश्न आहे त्याचीच दुसरी बाजू ही, तिकडे लेखकानेच दार लावून घेतलं होतं. आता दुकानात जाऊन बघ काफ्काच्या किती कव्हरांवर झुरळ बसलंय.

हुमण_शीत

पण हिरवा कुठून आला हो? पिक्चर तर ब्लॅक अँड व्हाइट ना?

कव्हरवाला_मडगाव

तीच गंमत. कार्लॉफच्या तोंडाला हिरवट मेकअप लावलेला, कारण त्या फिल्मवर तो मेलेल्या माणसासारखा पांढुरका दिसायचा. थिएटरात बसलेल्या कोणाला हिरवं काही दिसलंच नाही. पोस्टरवाल्यांनी, कॉमिकवाल्यांनी आणि मुखवटे विकणाऱ्यांनी मग तो रंग डोक्यावर घेतला.

खिळेवाला_म्हापसा

बाय, तू सगळं 'डिझायनरच्या डोक्यात काय' याच बाजूने बघतेस, छपाईकडेही बघ थोडं. मी प्रेसमध्ये आयुष्य काढलंय, खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवण्यापासून ऑफसेटपर्यंत, म्हणून बोलतो.

१८३१च्या पुस्तकात ते चित्र आणि शीर्षकाच्या पानावरचं एक, एवढीच का आहेत सुरवातीला, आत का नाहीत? कारण ती धातूच्या प्लेटवर कोरलेली, स्टील एन्ग्रेव्हिंग. त्यात शाई खाचेत बसते आणि खिळ्यांच्या छपाईत शाई उंचावर बसते, दोन्ही एका दाबात निघत नाहीत, चित्राचं पान वेगळ्या मशीनवर काढून मग बांधणीत घालायचं. स्वस्तातली मालिका होती ती, सहा शिलिंगला एक पुस्तक, आत चित्रं टाकत बसले असते तर परवडलंच नसतं. पण स्टीलची प्लेट झिजत नाही लवकर, म्हणून मोठ्या खपाच्या पुस्तकाला बरी.

नंतर १९३४च्या एडिशनमधलं लिंड वॉर्डचं काम बघ, ते लाकडावर कोरलेलं. लाकडाच्या आडव्या छेदावर कोरतात, आणि कोरलं की तिथे पांढरं येतं, न कोरलेलं सगळं काळं. म्हणजे कागद हातात घेतलास की पांढऱ्यावर काळं काढतेस, हा माणूस काळ्यातून पांढरं बाहेर काढत होता. त्या चित्रांत अंधार जो भरून राहिलाय तो नुसता मूड नव्हे, हत्याराने आणलेला आहे. याउलट बर्नी राइटसनची १९८३ची चित्रं पेनाची, एकेक रेघ हाताने ओढलेली, त्यात सामानसुमान बघ, काचेच्या बाटल्याच बाटल्या प्रयोगशाळेत. त्याला सात वर्षं लागली म्हणतात ते चित्रं बघून पटतं. तीन माणसं, एकच पुस्तक, तीन हत्यारं. तर डिझायनरला हेही विचार की तू कुठल्या पेनाने, कुठल्या सॉफ्टवेअरवर सुरवात केलीस, पहिली रेघ काळी होती की पांढरी.

आणि कव्हरांवर थिसिस गोव्यात बसून करतेस तर दीनानाथ दलालांचं नाव त्यात यायला पाहिजे की नको? मडगावचा जन्म, १९१६चा. जे. जे.ला शिकले, १९४५ला 'दीपावली' काढला, आणि मराठी पुस्तकांची कव्हरं म्हणशील तर घरोघरी कपाटात दलाल होते. आमच्या पिढीला पुस्तकातली बाई कशी दिसते ते आधी त्यांनी दाखवलं आणि मग आम्ही कादंबरी वाचली. तुझ्या त्या बोल्टवाल्या भुतासारखंच झालं की हे, फक्त दिसायला बरं.

फोंडेकर

मला एक कळत नाही, गोव्यातल्या मुलीने इंग्लंडच्या कादंबरीवर का मेहनत करायची? आमची मराठी कादंबरी घे, कोंकणी घे. त्यावर कोणी काम करत नाही.

कव्हरवाला_मडगाव

फोंडेकर, मुद्दा बरोबर आहे पण जागा चुकली. फ्रँकेन्स्टाइन घ्यायचं कारणच हे की ते चित्र सगळ्यांच्या डोक्यात आधीपासून बसलंय, पुस्तक न वाचणाऱ्यांच्याही. ज्या कादंबरीतल्या माणसाचं एकच एक चित्र लोकांच्या डोक्यात नाही, अशी एखादी मराठी कादंबरी तिने दुसऱ्या बाजूला ठेवावी, तिचाही परिच्छेद तसाच काढायला द्यावा. मग तुलना करायला काहीतरी हाती लागेल.

तिसरा पर्याय पण लक्षात ठेव गो, चेहरा टाळण्याचा. धुक्याच्या समुद्राकडे पाठमोरा उभा असलेला तो माणूस, कास्पार डाविड फ्रीडरिखचं चित्र, साधारण १८१८चंच, फ्रँकेन्स्टाइनच्या कितीतरी एडिशनवर तेच आहे. काळ जुळतो, डोंगर जुळतात, आणि चित्रकाराला पैसे द्यावे लागत नाहीत. शेवटचं कारण कुठल्याच डिझाइनच्या पुस्तकात लिहिलेलं सापडणार नाही, तेव्हा तू लिही.

वाचनालय_पाटो

कॉपीराइटबद्दल. भारतात लेखक किंवा चित्रकार वारल्यापासून पुढची साठ वर्षं हक्क राहतो. मेरी शेली १८५१ला वारली, त्यामुळे मजकूर मोकळा आहे, फॉन होल्स्टचं चित्रही. लिंड वॉर्ड १९८५ला गेले म्हणजे २०४५ संपेपर्यंत थांबावं लागेल, आणि राइटसन तर २०१७ला गेले. कार्लॉफच्या त्या चेहऱ्यावर युनिव्हर्सल स्टुडिओ हक्क सांगतो. अभ्यासासाठी, टीका-चर्चेसाठी वापरायची सवलत कायद्यात आहे, कलम ५२ वाच, थिसिसमध्ये लहान आकारात चित्र आणि खाली चित्रकाराचं नाव असेल तर सहसा काही होत नाही. पण कॉलेजच्या प्रदर्शनात त्याचेच पोस्टर करून विकायला ठेवू नका, ती गोष्ट वेगळी.

मेरी शेलीचं हस्तलिखित शेली-गॉडविन अर्काइव्हवर फुकट बघायला मिळतं, पानं ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीतली. तिच्या नवऱ्याने, पर्सी शेलीने, कुठे हात फिरवला तेही त्यात दिसतं. पुस्तकं हातात घेऊन बघायची असतील तर पाटोवर कृष्णदास शामा लायब्ररीत ये, आधी कॅटलॉग बघून ये म्हणजे खेप फुकट जाणार नाही.

आल्तिन्यो_स्केचबुक

बापरे, केवढं दिलंत सगळ्यांनी! फॉर्म बंद केला. म्हापशाचे काका, पहिली रेघ काळी की पांढरी हा प्रश्न जसाच्या तसा घेतेय, आणि दलालांचं एक प्रकरणच करते, गाईडना आवडेल असं वाटतं. फोंडेकर, मराठी कादंबरी शोधतेय, सुचवा तुम्हीच एक, पण ज्यात माणसाचं वर्णन नीट चारपाच ओळींचं आहे अशी, नुसतं 'सावळा होता' चालणार नाही.

मडगावचे दादा, दोन शंका. मराठी कव्हरवर नाव देवनागरीत टाकायला सांगू का स्केचमध्ये? आणि कागद कुठल्या साइजचा देऊ?

कव्हरवाला_मडगाव

नाव टाकायला सांग, पण फक्त दुसऱ्या स्केचमध्ये, पहिल्यात नावच नाही ना. आणि हाताने काढायला लाव, फॉन्ट नको. फ्र वरचा तो चंद्र, मधलं न्स्टा हे जोडाक्षर, एवढं लांब नाव एका ओळीत बसवायला माणूस घाम गाळतो आणि मग चित्राला किती जागा उरते ते बघ, निम्मी कव्हरं तिथेच ठरतात. फॉन्ट वापरलाच कोणी तर त्याचा ल आणि श मराठी वळणाचा आहे की हिंदी ते नोंद करून ठेव, परीक्षकांपुढे कामाला येईल.

कागद ए-फाइव्ह दे. मोठा दिलास तर लोक चित्र सुंदर करायला बसतात.

हुमण_शीत

मला पण बोलव, चित्र येत नाही पण पुस्तकही वाचलेलं नाही, बोल्ट नक्की काढीन.