विषय: सायबर चार्टर (ऑनलाइन चालणारी सार्वजनिक शाळा), आठवीचा अल्जिब्रा – लेकीला डिस्ट्रिक्टच्या शाळेत आत्ता हलवावं की जूनमध्ये?

नमस्कार मंडळी,
शुक्रवारपर्यंत डिस्ट्रिक्टच्या काउन्सेलरला कळवायचंय. पोर्टलवर लेकीचे ९४ टक्के, पण कागदावर दोन चलांची समीकरणं सुटत नाहीत. मेमध्ये कीस्टोन, म्हणजे पेनसिल्वेनियाची राज्य परीक्षा. काय करावं?

---
ताई, आधी ते ९४ फोडून बघा. ग्रेडबुकमध्ये होमवर्क, क्विझ आणि युनिट टेस्ट वेगळ्या काढा. बहुपर्यायी क्विझ पुन्हापुन्हा देता येत असेल तर टक्के फुगतात. कीस्टोनला लेखी प्रश्नही असतात, तिथे पायऱ्या मांडाव्या लागतात. पेनसिल्वेनियाच्या शिक्षण खात्याच्या साइटवर आयटम सॅम्पलर (नमुना प्रश्नसंच) फुकट आहेत. त्यातलं मॉड्यूल १ कागदावर सोडवून घ्या. समीकरणं त्यातच येतात. प्रोफिशियंटची (पास धरण्याची) रेषा १५०० आहे, आणि आठवीत दिलेली परीक्षा पुढे ग्रॅज्युएशनला धरतात.

---
हलवाच. स्टॅनफर्डच्या क्रेडो या शिक्षण-संशोधन केंद्राचा २०१५ चा अहवाल वाचा: ऑनलाइन चार्टरची मुलं तशाच इतर मुलांपेक्षा गणितात १८० दिवसांच्या शिक्षणाइतकी मागे, वाचनात ७२. म्हणजे गणिताचं अख्खं वर्ष!

---
काका, ती सरासरी आहे. शिक्षक आठवड्यातून किती तास लाइव्ह शिकवतात आणि वही कोण तपासतं, हे विचारायला हवं. बाकी मुलांच्या गणिताच्या सरावासाठी शनिवारी मराठी शाळेची मागची खोली मिळेल का? फळा आहेच.

---
खोली मिळणार नाही. दहा ते साडेबारा बालवाडी असते, आणि हॉलच्या करारात फक्त भाषावर्ग लिहिलेत. आधी समितीला लिहा, परस्पर ठरवू नका.

---
खोलीचा धागा वेगळा काढा, कृपया. ताईंचा प्रश्न शुक्रवारचा आहे.

मधेच हलवण्यात खरी अडचण क्रमाची. सायबरमध्ये ती युनिट ६ वर असेल आणि डिस्ट्रिक्टचा वर्ग ८ वर, तर मधली दोन कोणी शिकवतच नाही. म्हणून काउन्सेलरकडून पेसिंग गाइड (कुठलं युनिट कधी शिकवतात त्याचं वेळापत्रक) आधी मागवा. पत्त्याचा पुरावा, लसींची नोंद आणि चालू ग्रेडचा उतारा तयार ठेवा. नव्या शाळेत प्रवेशाची तारीख पक्की झाल्यावरच सायबरमधून नाव काढा, नाहीतर मधले दिवस विनापरवानगी गैरहजेरीत जातात. असे सहा दिवस झाले की मूल 'हॅबिच्युअली ट्रुअंट' (कायद्याने सराईत गैरहजर) ठरतं.

---
आणि प्लेसमेंट टेस्ट लेखी घ्या म्हणून आग्रह धरा. नुसत्या ९४ वर काउन्सेलर तिला ऑनर्सला (वरच्या पातळीच्या वर्गात) बसवतील. पेसिंग गाइड आलं की इथे टाका, मी दोन्ही शेजारी ठेवून कुठली युनिटं सुटतात ते सांगते.