सिंगापूरच्या चांगी विमानतळावर पाच तास, सोबत अंडंही न खाणारी आई. खायचं कुठे?

नारळीपाक
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आईला घेऊन मेलबर्नला ताईकडे निघालोय. मुंबईहून रात्रीचं विमान, सिंगापूरला सकाळी साडेसातला उतरणार, पुढचं विमान दुपारी एकला. आई ७२ वर्षांची, पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मी सगळं खातो. मागच्या प्रवासात एका मोठ्या विमानतळावर तिने चार तास दोन केळ्यांवर काढले आणि मी समोर बसून बर्गर हाणला. ते अजून प्रत्येक लग्नकार्यात ऐकवलं जातं. दोघांना एका टेबलावर गरम काही मिळेल का? आणि ते ज्वेल (विमानतळाला लागूनचा धबधब्याचा मॉल) बघायला बाहेर पडावं का?

दहीबुत्ती
दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या, विषय संपला. फक्त उरलेलं मेलबर्नला उतरताना कार्डावर डिक्लेअर करा किंवा विमानातच संपवा. ऑस्ट्रेलियावाले खाण्याच्या बाबतीत फार कडक आहेत.

शेवग्याची_शेंग
दशम्या न्याच, पण चांगीवर उतरून डबा खाणं म्हणजे कोल्हापुरात जाऊन बिस्किटं खाण्यासारखं आहे. अकरा वर्षं इथे सिंगापुरात राहतेय, दोन्हीकडच्या पाहुण्यांना आणणं-पोचवणं माझ्याकडेच असतं.

पहिलं म्हणजे, ज्या टर्मिनलला उतराल तिथेच अडकून राहू नका. १, २ आणि ३ आतून जोडलेली आहेत, स्कायट्रेन फुकट आहे. समोर दिसणारी चकचकीत कॅफे सोडा, वरच्या मजल्यावरचं फूड कोर्ट शोधा. तिथे तुम्हाला चिकन राइस, लाक्सा (नारळाच्या तिखट रश्श्यातल्या शेवया), काय हवं ते मिळेल, आणि बहुतेक वेळा एखादा इंडियन स्टॉलही असतो. पाटीवर ‘थोसाई’ दिसलं की तो आपला डोसा. ‘प्राता’ म्हणजे पापुद्र्यांचा पराठा. त्याच्याबरोबरची करी बरेचदा माशाची किंवा मटणाची असते, म्हणून आधीच ‘ओन्ली डाल’ म्हणा. चहा हवा असेल तर ‘तेह हालिया’ मागा, आल्याचा असतो. कंडेन्स्ड मिल्कमुळे गोडमिट्ट लागतो, तेव्हा ‘सिउ दाय’ म्हणजे साखर कमी, हे जोडा.

आता खरा धोका. ‘नो मीट’ म्हटल्यावर इथे मासळी त्यात धरतीलच असं नाही. सासूबाईंना एकदा एका स्टॉलवर (नाव नको) शेवयांसारखं बी हून घेऊन दिलं, ‘नो मीट’ दोनदा सांगून. त्या चवीने खात होत्या. मग काट्यावर एक केशरी, वाकडा, नखाएवढा तुकडा धरून म्हणाल्या, “हे गाजर असं का गं वळलंय?” सोडे होते. तेव्हापासून मी ‘नो मीट, नो फिश, नो प्रॉन, नो एग’ एका दमात म्हणते. सांबल नावाची लाल चटणी तर आईंच्या ताटाजवळसुद्धा नको, तिच्यात बहुधा वाटलेली सुकी कोळंबी असते. लाक्साच्या रश्श्यातही तेच.

तुम्ही स्वतः मात्र काया टोस्टचा सेट खाच. कोळशाच्या रंगाला टेकलेला पातळ कुरकुरीत पाव, आत गार लोण्याची जाड चकती आणि नारळाच्या दुधाचा हिरवट-पिवळा जॅम, म्हणजेच काया. सोबत दोन अर्धकच्ची अंडी, त्यांच्यावर सोया सॉस आणि पांढरी मिरपूड, आणि बरोबर कोपी. इथली कॉफी साखर आणि लोणी किंवा मार्जरीन घालून भाजतात, म्हणून इतकी काळी दिसते. आईंनी काया खाऊ नये, त्यात अंडं असतं (दिसत नाही, म्हणून सांगते). त्यांना बटर-शुगर टोस्ट मिळतो का विचारा. माझ्या आईने लागोपाठ तीन खाल्लेत.

आणि गेटवर जायच्या आधी खा! या तीन टर्मिनल्सना सुरक्षा तपासणी गेटवरच होते. आत गेलात की खायला काही नाही, आणि पाण्याची भरलेली बाटली आधी ओतावी लागते.

नारळीपाक
सोड्यांचा किस्सा आईला वाचून दाखवला. तिने दशम्यांचा आकडा दुप्पट केलाय. ज्वेलचं काय?

पावसाळी_ढग
ऑस्ट्रेलियाचा व्हिसा असलेल्या भारतीयांना ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय बाहेर पडायची सोय आहे, पण अटी आहेत आणि शेवटचा शब्द तिथल्या अधिकाऱ्याचा. निघायच्या आधी नियम बघून घ्या. पाच तासांत वयस्कर माणसाला घेऊन मी ही यातायात करणार नाही. स्कायट्रेन ज्वेलच्या आतूनच जाते, ४० मीटरचा तो धबधबा डब्यातून दिसतो. दोनदा फेऱ्या मारा. मग ३ नंबरच्या फुलपाखरांच्या बागेत आईंना बसवा आणि तुम्ही कोपी आणायला पळा.

नारळीपाक
झकास, ठरलं. आईचा एकच प्रश्न उरलाय: थोसाईचा तवा वेगळा असतो का?

शेवग्याची_शेंग
नसतो. त्यांना सांगू नका.

दहीबुत्ती
म्हणून म्हटलं, दशम्या.