टेम्प्रानियो आणि नान-खलिया

"स्पेनची रेड वाइन आपल्या मटणापुढे टिकत नाही, तोंड नुसतं पोळतं," अशी एक तक्रार असते. अनुभव खरा आहे, पण दोष टेम्प्रानियोचा, म्हणजे त्या नावाच्या स्पॅनिश लाल द्राक्षाच्या वाइनचा, नाही. तिखटावर अल्कोहोल आणि टॅनिन (वाइनला तुरटपणा देणारा घटक) पडलं की जळजळ वाढतेच. काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्याबरोबर ती उघडूच नका.

संभाजीनगरचा नान-खलिया घेऊन बघा. खलियात मटणाची चरबी असते, खोबरं-खसखशीचा दाटपणा असतो. त्याने वाइनचा तुरटपणा मऊ पडतो. वरची तर्री तेवढी बाजूला काढा. स्पेनच्या रिबेरा देल दुएरो भागात हीच वाइन भट्टीत भाजलेल्या कोकराच्या मटणाबरोबर पितात, म्हणजे मटणाशी तिचं नातं जुनंच आहे. बाटली शक्यतो रिओहा या स्पेनच्याच भागातली 'क्रियान्सा' घ्या. ती किमान २ वर्षं मुरवलेली असते, त्यातलं निदान १ वर्ष ओकच्या पिंपात.

शाकाहारी मंडळींसाठी भरली वांगी, दाण्याचं कूट सढळ आणि तिखट बेताचं, सोबत ज्वारीची भाकरी. मला तर ही जोडी खलियाइतकीच आवडते. येसराच्या आमटीशी मात्र या वाइनचं जुळलं नाही, दोनदा करून पाहिलं.

आणि एक फार महत्त्वाचं. रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी म्हणतात, ते लातूर-बीडच्या मे महिन्यातलं ४० अंश नव्हे! टेम्प्रानियोला साधारण १६ ते १८ अंश लागतात. गरम वाइनमध्ये अल्कोहोलच तेवढं नाकात जातं. उन्हाळ्यात बाटली तेवढी गार होईपर्यंत फ्रीजमध्ये ठेवा, मगच उघडा.