भरतीची वीज, लाटेची वीज : कोणता शब्द कुठे?

शंका
शाळेच्या विज्ञान अंकासाठी लेख लिहिते आहे. समुद्राच्या पाण्यावर वीज करतात त्याला कुठे ‘लाटऊर्जा’, कुठे ‘भरती ऊर्जा’, तर कुठे ‘ज्वारीय ऊर्जा’ असं लिहिलेलं सापडलं. मराठीत नेमकं काय लिहावं?

उत्तर
भरतीबद्दल लिहीत असाल तर ‘लाटऊर्जा’ नको, ती गोष्टच वेगळी. लाट उठते वाऱ्याने, भरती येते चंद्र-सूर्याच्या ओढीने. केरळात विळिंजमला १९९१ साली १५० किलोवॅटचं केंद्र उभं राहिलं ते लाटांवरचं. तिथे लाटेच्या चढउताराने बंदिस्त खोलीतली हवा ढकलली जायची आणि त्या हवेवर टर्बाइन फिरायचं. फ्रान्समधल्या रान्स नदीच्या मुखाशी १९६६ साली सुरू झालेलं केंद्र मात्र भरती-ओहोटीवरचं. तिथे मुखालाच आडवा बांध घातलाय.

‘ज्वारीय’ हा हिंदी ज्वार-भाट्यावरून आलेला. मराठी वाचकाला त्यात ज्वारीच दिसणार.

‘भरती ऊर्जा केंद्र’ मलाही खटकतं. मथळ्यात ते नोकरभरतीसारखं वाचलं जातं, शिवाय ओहोटी गायब होते. रान्सच्या २४ टर्बाइनांना (एकूण २४० मेगावॅट) पाणी आत येतानाही फिरवतं आणि बाहेर जातानाही. दक्षिण कोरियातल्या सिह्वाला (२०११, २५४ मेगावॅट) मात्र पाणी आत शिरतानाच वीज होते, ओहोटीला ते दरवाज्यांतून नुसतं सोडून देतात. तेव्हा सिह्वापुरतं ‘भरतीची वीज’ अगदी चपखल, पण एरवी ‘भरती-ओहोटीची वीज’ लिहा. लांब आहे खरं, पण समजावून सांगावं लागत नाही.

आणखी एक उत्तर
वरच्याशी सहमत. भर एवढीच, की आपल्या किनाऱ्यावरचे दोन शब्द लेखात जरूर घ्या : उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची म्हणजे लहान. बांध घालून केलेल्या विजेचं सगळं गणित यावरच बसलंय, कारण पाण्यातली ऊर्जा भरती-ओहोटीच्या पातळीतल्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फरक निम्मा झाला की ऊर्जा चौथाईवर येते. मुंबईला उधाणात हा फरक पाचेक मीटर, खंबातच्या आखातात दहाच्या वर. म्हणून आपल्याकडे या विजेची चर्चा निघते ती खंबात आणि कच्छची.

आणि बांधातल्या दरवाज्यांना ‘स्लुइस गेट’ कशाला म्हणायचं? रायगडच्या खारबंदिस्तीत (खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या बांधांत) त्याला ‘उघाडी’ म्हणतात, गोव्याच्या खाजणात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत) ‘मानस’. मानशीचं लाकडी दार भरतीच्या रेट्याने आपोआप बंद होतं आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतं. सिह्वाचे दरवाजे यंत्राने चालतात, पण अडवायचं-सोडायचं काम तेच. मी तरी बिनदिक्कत ‘उघाडी’ लिहीन आणि पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ देईन.